दहा महिन्यांचा राग

मला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर आहे. तो यकृतापर्यंत पोहोचलाय. बरी झाल्यावर लिहीन म्हणून थांबले असते, तर बहुधा लिहायचं राहूनच गेलं असतं. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय, त्यांना औषधांबद्दल सांगायला त्यांचे डॉक्टर आहेत. मला त्यांच्याशी रागाबद्दल बोलायचंय. आजारासोबत तो येतो, त्याची तपासणी कुणी करत नाही, आणि घरातली माणसं तो निमूटपणे पोसत राहतात.

माझं नाव वैशाली. वय बावन्न. कोथरूडमध्ये राहते, तिथल्याच एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. नवरा मिलिंद सरकारी खात्यात इंजिनीअर आहे. मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, खराडीला नोकरी करते.

कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडले, तिथून सगळं सुरू झालं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं कमी, की लॅबवाल्यांनी पुन्हा एकदा रक्त मागितलं. मग दुर्बिणीची तपासणी. गुंगी उतरताना पहिल्यांदा मिलिंद दिसला. माझ्या चपला हातात धरून उभा होता. त्या खाली ठेवायच्या असतात हे त्याला सुचत नव्हतं. मला तेव्हाच कळलं.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "रक्त किती दिवस जातंय?"

"दहा महिने."

"दहा?" त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

मिलिंद म्हणाला, "दहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?"

"आता जे आहे त्याबद्दल बोलू," त्या म्हणाल्या. त्यांना आमच्याशी चांगलंच वागायचं होतं. पण उत्तर मिळालं होतं.

*

आता आमच्या डॉक्टरांबद्दल सांगते. नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

बावीस वर्षं आम्ही त्यांच्याकडे जात होतो. आमच्या सोसायटीपासून चालत पाच मिनिटांवर दवाखाना. बाहेर टेबलाशी त्यांच्या पत्नी, शुभदावहिनी, केसपेपर काढून द्यायच्या. यशूच्या लहानपणीचा प्रत्येक ताप डॉक्टरांनी उतरवलाय. माझे सासरे गेले तेव्हा न बोलावता घरी आले होते आणि सासूबाईंजवळ तासभर नुसते बसून राहिले होते. असा माणूस.

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले, आणि त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "मूळव्याधच असणार. दिवसभर उभं राहून शिकवते, पाणी कमी पिते." ते म्हणाले, "एकदा तपासून बघू." मी नको म्हटलं. लाज वाटली. बावीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडून तिथे तपासून घ्यायचं, नको वाटलं. त्यांनी आग्रह केला नाही. मलम आणि इसबगोल लिहून दिलं.

हे मी मुद्दाम सांगतेय. नंतर घरात ही गोष्ट जितक्यांदा सांगितली गेली, त्यात माझं ते "नको" कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

त्यानंतर तीनदा गेले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "या तक्रारीसाठी पहिल्यांदाच आलात का?" मला हसू आलं. वाटलं, गर्दी असते, विसरले असतील. चौथ्या वेळी वजन पाच किलोंनी उतरलं होतं. ते म्हणाले, "छान! व्यायाम सुरू केलेला दिसतोय." आणि पुन्हा तेच मलम.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं रक्त जात असेल, तर लाज बाजूला ठेवून तपासून घ्या. एका डॉक्टरकडे भागलं नाही तर दुसऱ्याकडे जा. माझ्या लिहिण्यातून दुसरं काही घेतलं नाहीत तरी चालेल.

*

आधी ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं आणि त्यावर शौचाची पिशवी बसवली, मग केमो सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी सकाळी सातला फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर खुर्ची मिळायची. नसतील तर घरी. घरी पाठवलं की आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची भीती वाटायची. माझ्या औषधाने थंडी सोसत नाही. नळाच्या पाण्याला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं. फ्रिज उघडायचं काम यशूकडे गेलं. दूध कोमट, ताक कोमट, सगळंच कोमट.

पिशवीबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून लिहिते. पहिले आठ दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. मिलिंद साफ करायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. वॉर्डातल्या एका सिस्टरने मला आरशासमोर उभं केलं. म्हणाल्या, "हा तुमचाच भाग आहे मॅडम, बाहेर आलाय एवढंच. बघा, लाल आहे, ओला आहे, निरोगी आहे." माझ्या शरीरातल्या कुठल्याही गोष्टीला कित्येक आठवड्यांत कुणी निरोगी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वतः पिशवी बदलली.

खुर्चीत चार-पाच तास सलाईन चालायचं. बाकीचे बायका-पुरुष मोबाईल बघायचे, झोपायचे. मी डॉक्टरांशी बोलायचे. मनातल्या मनात. दवाखान्यात शिरून, भर गर्दीत काय बोलायचं याची वाक्यं जुळवायचे. शब्द बदलून बघायचे, जास्त लागेल असा शोधायचे. शब्दांच्या बाबतीत मी तयारीची बाई आहे. चार तास कसे जायचे कळायचं नाही. घरी आले की अंगात काही उरलेलं नसायचं.

आणि हेच मी एकोणीस वर्षं मुलांना शिकवत होते. दुसऱ्या वर्षाला स्टोइक विचार असतो. ग्रीस-रोममधली ती जुनी मंडळी म्हणायची की माणूस वाईट वागतो तेव्हा बहुधा त्याला चांगलं काय ते दिसलेलं नसतं. दिसत नाही त्याच्यावर चिडून काय करणार. शिवाय ज्याने दुखावलं तोही आपल्याच जातकुळीचा, आपल्यासारखाच चुकणारा आणि मरणारा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे ज्याला लागलंय त्यानेच समजून घ्यायचं का?" मी छान उत्तर दिलं होतं. तिने ते उतरवूनही घेतलं. आता त्या मुलीची माफी मागावीशी वाटते.

*

मिलिंदने तक्रार लिहिली. वैद्यकीय परिषदेकडे पाठवायची, चार पानी. माझी सही हवी होती. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले.

"तुला त्यांची दया येते का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"अहो, मला जेवण जात नाहीये. सही काय करू?"

"तुझं ते तत्त्वज्ञान तुझ्याजवळ ठेव, वैशाली. मला माझी बायको हवीय." एवढं बोलून तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. यशूने कानात इअरफोन घातले. अशी आमच्या घरातली संध्याकाळ असायची. तिघंही एकमेकांना जपत होतो आणि कुणीच कुणाजवळ नव्हतं.

माझी आई धायरीला भावाकडे असते. वडिलांच्या पिढीपासून आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते, आणि ती झाल्यावर आई सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो म्हणते. ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा मी तिला विचारलं, "सगळ्यांचं म्हणजे त्या डॉक्टरांचंही का गं?"

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांचं नाव मी सध्या वगळते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि वगळलं की दिवसभर तेच नाव डोक्यात राहतं बघ."

*

चौथ्या केमोनंतर, एका दुपारी, डॉक्टर आणि शुभदावहिनी भेटायला आले. दार यशूने उघडलं. मिलिंद घरीच होता. मी दिवाणावर पडले होते, केस विरळ झालेले, गळ्याखाली औषधाच्या नळीसाठी बसवलेल्या पोर्टचा उंचवटा दिसत होता.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला म्हणाले, "काय मॅडम, पोट कसंय? मलम लावताय ना?"

वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी खिशातून पॅड काढलं, पेन उघडलं. "इसबगोल चालू ठेवा. रात्री गरम पाण्यातून." लिहून कागद फाडला आणि माझ्यापुढे धरला.

मिलिंद उठून उभा राहिला. मी म्हटलं, "अहो, पाणी आणता का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि गेला. यशूला म्हटलं, "डॉक्टरकाकांना गॅलरीतली झाडं दाखव." डॉक्टर आनंदाने उठले. तिच्या मागून जाताना तिला दोनदा विचारलं, "कितवीत आहेस तू?"

महिनोन् महिने जुळवलेली माझी सगळी वाक्यं तयार होती, आणि ज्याला ऐकवायची तो माणूस समोर नव्हता. तो तिकडे गॅलरीत तुळशीची पानं चुरगळून वास घेत होता.

"केव्हापासून?" मी वहिनींना विचारलं.

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे मी येत होते तेव्हा..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. "प्रत्येक केसपेपर मी बाहेर बघायचे, वैशाली. औषध चुकलंय असं वाटलं तर आत जाऊन पुन्हा विचारायचे. चाळीस वर्षं बघतेय, थोडं कळतं. तुझा पेपर पण बघितला होता. मूळव्याध लिहिलं होतं. मला बरोबर वाटलं. मी काही डॉक्टर नाही."

"मग दवाखाना उघडा का ठेवलात?"

"त्या खुर्चीत बसले की ते ते असतात. घरी मला ताई म्हणतात. त्यांना वाटतं मी त्यांची बहीण आहे." मग म्हणाल्या, "सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ. तेवढाच वेळ मला नवरा असतो."

इथे माझ्या मनात करुणा दाटून आली असं लिहायला हवं. तसं झालं नाही. त्या पाच तासांसाठी माझं यकृत गेलं, हे मनात आलं. त्यांना मारावंसं वाटलं. हातात ताकद असती तर काय केलं असतं, सांगता येत नाही. मी फक्त म्हटलं, "दवाखाना बंद करा." त्या हो म्हणाल्या. जाताना डॉक्टर दारातून म्हणाले, "आठ दिवसांनी दाखवा."

मिलिंद पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात तसाच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

*

मग जंतुसंसर्ग झाला. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये, त्यातले पाच दिवस अतिदक्षता विभागात. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. छताचा एक चौकोन आठवतो, आणि कुणीतरी माझं नाव फार मोठ्याने घेत होतं तेवढं. मिलिंद तिथे निम्मा झाला. पुढचं स्कॅनही वाईट आलं. यकृतावरचे डाग वाढले होते. ऑपरेशनचा विचार आता नाही, असं सांगितलं. औषध बदललं. किती दिवस, हे मी विचारलं आणि मला खरं उत्तर मिळालं. ते इथे लिहीत नाही, माझ्या मुलीने अजून ते मोठ्याने म्हटलेलं नाही.

घरी आल्यावर यशूने सांगितलं, "आई, दवाखाना चालू आहे. कालच दिवा लागलेला बघितला."

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला म्हटलं, "मला तिथे न्या." आत तिघं बसले होते. दोन म्हातारे आणि एक तरुण बाई, तिच्या मांडीवर तापाने लाल झालेली सात-आठ महिन्यांची मुलगी. वहिनी टेबलाशी. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी त्या आईच्या शेजारी बसले. तिला हळूच म्हटलं, "इथे नको दाखवूस. चौकातल्या बालरुग्णालयात जा, आत्ताच." तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून कुणीही ऐकलं असतं. ती उठली.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "दोनच आठवडे दे. मी त्यांना समजावतेय."

"वहिनी, ते बाळ होतं."

त्या खाली बसल्या. इतक्या जवळून मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. ब्लाउजची बटणं वर-खाली लागलेली. डोळ्यांखाली काळं. या बाईला कित्येक दिवस कुणी झोपू दिलं नव्हतं. केमोनंतर माझा चेहरा दिसतो तसा त्यांचा दिसत होता. त्यांनी वाईट ठरवून काही केलं नव्हतं. घाबरलेलं माणूस समोरचं एकच धरून ठेवतं आणि बाकीचं त्याला दिसत नाही. हे मला माहीत होतं, कारण भीतीपायी "नको" म्हणणारी बाई मी स्वतः आहे. तिथे त्या बाकावर मला ते कळलं. एकोणीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं.

आणि कळलं तरी दवाखाना चालू ठेवता येत नव्हता. माणसाला समजून घेणं वेगळं आणि त्याला थांबवणं वेगळं. ती जुनी मंडळी मवाळ नव्हती. चुकणाऱ्याला अडवा, पण त्याचा द्वेष करू नका, असं त्यांचं म्हणणं. मी हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल.

"मी तक्रार पाठवणार आहे," मी म्हटलं. "तुम्हाला आधी सांगायला आले."

"म्हणजे तू आम्हाला माफ करणार नाहीस."

"माफीचं मला अजून माहीत नाही, वहिनी. पण पत्र जाणार."

घरी येऊन मिलिंदची चार पानं काढली. निष्काळजी, बेजबाबदार, खुनी असे शब्द होते. त्याने ते कुठल्या दिवसांत लिहिले ते मला ठाऊक होतं. मी ते खोडले. काय घडलं तेवढं ठेवलं. मी तपासणीला नकार दिला होता, हे घातलं. शेवटी लिहिलं की या डॉक्टरांची प्रकृती तपासावी आणि त्यांचं काम ताबडतोब थांबवावं. सव्वा पान झालं. मिलिंदने वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

"मला अजून राग आहे, वैशाली."

"असू दे. तुमचा तुमच्याजवळ. मला आता तो उचलवत नाही."

तो माझ्या शेजारी बसला. बऱ्याच महिन्यांनी आम्ही एकमेकांना धरून रडलो.

*

परिषदेची चौकशी सुरू व्हायच्या आधीच, पत्र गेल्यावर दहा दिवसांत, वहिनींनी स्वतः दवाखाना बंद केला. शटरवर त्यांच्याच अक्षरात कागद लागला. चौकशी चालू आहे. वहिनींचाही जाबजबाब झाला. त्यात त्यांनी काही लपवलं नाही, असं मला कळलं.

राग गेला का, असं यशू विचारते. स्कॅनच्या आदल्या दिवशी येतो. इतर दिवशी क्वचित. आला की त्याला चार तासांची खुर्ची देत नाही, इतकंच मला जमलंय.

केमो नसते त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मी वहिनींकडे जाते. दोन तास डॉक्टरांजवळ बसते. तेवढ्यात वहिनी आतल्या खोलीत झोपतात. दार लावून, गाढ. मिलिंद मला त्यांच्या गेटपाशी सोडतो. वर येत नाही. मी बोलावत नाही.

मागच्या बुधवारी डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. पण माझ्याकडे निरखून बघितलं, आणि एकदम त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. "बसा. काय होतंय?"

"कॅन्सर आहे," मी म्हटलं. "आतड्याचा. उशिरा कळला."

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, नाडी बघितली. खालची पापणी ओढून बघितली. "कुणाकडे दाखवत होतात?"

"जवळच होते एक डॉक्टर."

"रक्त जात असणार. त्याने तपासलं नाही?"

"नाही."

डॉक्टर चिडले. खरोखर चिडले, गाल लाल झाले. "कोण मूर्ख होता तो?"

आत वहिनी झोपल्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चांगला माणूस होता," मी म्हटलं. "आजारी होता."

"मग त्याने घरी बसायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "आता बसलाय."